दहाच्या चकत्या

वाझा म्हणाला, आधी बूट काढ.
मी अठ्ठावन्न वर्षांची, पायात लोकरीचे मोजे,
कुताईसीच्या त्या तळघरात नदीच्या ओलीचा वास,
भिंतीवर खडूने लिहिलेली पोरांची नावं, नावांपुढे आकडे.
मी विचारलं, पैसे परत मिळतात का?

तो हसला नाही.
झाडूचा दांडा हातात दिला.

पहिला आठवडा मी दांडाच उचलला.
पाठ सरळ, ढुंगण मागे,
अंधारात खुर्ची चाचपावी तशी.
झाडू आयुष्यभर हातात आहे,
पण तो उचलल्यावर कुणी म्हटलं नव्हतं:
छान. आता पुन्हा.

शेजारी गोचा, मान माझ्या मांडीएवढी,
धाडकन वजन टाकायचा
आणि माझ्या दाढेतली चांदी हलायची.
मला हाक मारायचा, मावशी, श्वास!
खरंच, मी श्वास घ्यायचे विसरत होते.
एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली मी,
उचलून उचलून काय उचललं, तर रिसीव्हर.

मग लोखंडी दांडी.
तिला रिकामी म्हणतात.
रिकामी!
वीस किलो.
रात्री जिना उतरताना
कठडा धरून एकेक पायरी, उलटी.

नोव्हेंबरात नुगझार न्हाणीघरात पडला होता.
मी त्याच्या काखेत हात घातले, ओढलं,
पुन्हा ओढलं.
माणूस इतका जड असतो
हे चौतीस वर्षं शेजारी झोपून मला माहीत नव्हतं.
शेवटी त्याच्यावर टॉवेल टाकला
आणि मीही फरशीवर बसले.
खालच्या त्सित्सोचा मुलगा पाळी संपवून येईपर्यंत
दीड तास
आम्ही जोनजोलीच्या लोणच्यात मीठ कमी पडलंय का
यावर बोललो.
दुसरं काय बोलणार?

त्याला सांगितलं होतं, चर्चमध्ये गायला जाते.
आठवड्यातून तीनदा, मंगळ, गुरू, शनी.
फेब्रुवारीत त्याने माझा हात उलटा केला,
बोटांखालचे घट्टे अंगठ्याने चाचपले.
कुठलं स्तोत्र, म्हणाला, एवढं खरखरीत?

मग सगळं सांगितलं.
झाडू, गोचा, रिकामी दांडी,
आणि परवापासून दोन्हीकडे दहा-दहाच्या चकत्या,
काळ्या, जुन्या, खडबडीत.
तो उशीवरून अर्धा उठला.
कडेला तीन छिद्रं? एक्यावर टोपी?
हो.
आमच्या ओतशाळेतल्या आहेत त्या.
ट्रकचा कारखाना बंद पडायच्या आधीच्या.
आणि ऐक, दहा लिहिलंय, पण दहा नाहीत.
साचा झिजलेला होता.
साचा झिजला की ओतीव जाड येतं.
अकराला टेकतात.

आणि हसला. तोंडाच्या एकाच बाजूने हसला,
दुसरी बाजू अजून ऐकत नाही.

म्हणजे चाळीस नाही, बेचाळीस.
वहीत चाळीस लिहिलं होतं.
खोडलं नाही, नुसतं खाली एक रेघ ओढली.
तुझं वजन किती, मी विचारलं,
जणू बाजारात टरबूज घेतेय.
ब्याऐंशी.
मग अजून निम्मा राहिलास.
तो छताकडे बघत होता.
तेवढं पुरे, म्हणाला.
निम्मा अजून माझ्याकडे आहे.

दिवा मी मालवला.
अंधारात बराच वेळ कुणी बोललं नाही,
मग तो म्हणाला, मीठ कमीच होतं त्यात.

शनिवारी वाझा आणखी अडीच-अडीच चढवणार.
त्या चकत्या नव्या आहेत, रबरी, परदेशी,
लिहिलंय तेवढ्याच भरतात, ग्रॅमही इकडेतिकडे नाही.
नुगझारला त्यांच्याबद्दल काही ऐकायचं नाही.